पोराला गॅरेजला टाकावे का? आधी हिशेब मांडा

दहावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या शेतीखात्याच्या माणसालाही बियाणे-खताबाहेरचे प्रश्न ऐकावे लागतात. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत शिवारफेरीला गेले की बांधावर हुमणीची चर्चा संपते न संपते तोच घरचे एखादे वडीलधारे माणूस बाजूला घेते. धाकटे पोरगे पुस्तकात रमत नाही, पण गाडी खोलायची म्हटली की जेवण विसरते. त्याला मोटारसायकलच्या गॅरेजला टाकावे का, आणि त्यात मिळते किती, असे विचारते. गेली काही वर्षे हा प्रश्न वरचेवर येतो आहे. "बघू, पोराची आवड आहे ना" एवढे बोलून निघून जाणे सोपे असते. पण घरचे एक माणूस कुठल्या धंद्याला लावायचे हा प्रश्न कोणते वाण लावायचे याहून मोठा आहे. म्हणून आज पिकाचा विषय बाजूला ठेवून या धंद्याचा हिशेब मांडतो.

प्रथम आपल्या रानाकडे पाहा. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे १९७०-७१ साली सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. म्हणजे सव्वातीन एकर, आणि त्यातही पुढच्या पिढीत दोन भावांची वाटणी. निरा डाव्या कालव्याखालचा बागायतदार असो की सुपे-मोरगावकडचा जिरायतदार, घरातल्या प्रत्येक पोराला शेतीत सामावून घेण्याएवढे रान आता कोणाकडे राहिलेले नाही.

उसाचाच हिशेब करू, कारण या भागात प्रत्येक गोष्ट आपण उसाच्या एकरात मोजतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. उतारा वाढीव धरून आणि तोडणी-वाहतूक वजा करून हाती टनाला ३,००० रुपये येतात असे समजा. काही मंडळी एकरी ८०-१०० टन काढतात, त्यांचे कौतुकच आहे. पण चारचौघांचा उतारा ४५ टन धरला तर १,३५,००० रुपये होतात. बेणे, खते, मशागत, पाणीपट्टी, मजुरी मिळून ६५,००० वजा करा. राहिले ७०,००० आणि तेही सोळा महिन्यांच्या आडसालीला. महिन्याला पडले चार ते साडेचार हजार. दोन एकरवाल्याला नऊ हजारांच्या आतबाहेर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच तुलना करायची आहे.

आता धंद्याकडे वळू. आपल्याकडे मोटारसायकल हौसेची वस्तू राहिलेली नाही, ती बैलजोडीसारखे राबते. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन मागे अडकवले की गाडीवर शंभर किलोच्या आसपास भार येतो, त्यावर माणूस. असे रोज सकाळ-संध्याकाळ डेअरीपर्यंत. कालव्याच्या भरावावरची धूळ, उसाच्या फडातला चिखल, खाचखळगे. चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, मागचे शॉकअप, चाकाच्या बेअरिंगा, कोनसेट हे सगळे शहरातल्या गाडीपेक्षा लवकर जाते. ऊसतोडीच्या हंगामात बाहेरून येणाऱ्या टोळ्यांच्या गाड्यांची त्यात भर पडते. थोडक्यात, कामाला तोटा नाही. गॅरेज बंद पडते ते काम नाही म्हणून क्वचितच.

जुनी पिढी हा धंदा सायकलच्या दुकानातून शिकली. लूना आणि एम-८० आल्या तेव्हा पंक्चर काढणाऱ्यांनीच प्लग साफ करायला घेतले. राजदूतचे इंजिन तर कोणीही झाडाखाली उतरवायचे. १९९४ साली हिरो होंडाची स्प्लेंडर आली आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे गावोगावच्या मिस्त्रींचे पोट त्या एकाच इंजिनाने भरले. ज्याला स्प्लेंडर आली त्याला निम्मा धंदा आला, असे म्हणायला हरकत नव्हती. आता ते दिवस तसे राहिलेले नाहीत. का ते पुढे येईलच.

शिकण्याची आपली रीत सर्वांना ठाऊक आहे. पोरगे ओळखीच्या मिस्त्रीकडे सोडायचे. पहिले वर्ष चहा आणणे, पेट्रोलने सामान धुणे, चाक खोलणे, पंक्चर. हाती आठवड्याचा हातखर्च. दुसऱ्या वर्षी ऑईल बदलणे, ब्रेक, चेन, केबल. तिसऱ्या वर्षी कुठे टॅपेट आणि क्लचला हात लावू देतात. इंजिनाचे काम, म्हणजे रिंग-पिस्टन, बोअर, क्रँक, हे चांगला मिस्त्री शेवटपर्यंत स्वतःच्या हातात ठेवतो. त्यात त्याचा दोष नाही. उद्या हेच पोरगे समोरच्या वळणावर गाळा घेणार हे त्याला माहीत असते. घरच्यांनी मात्र ओळखावे की ही तीन वर्षे जवळजवळ बिनपगारी आहेत, आणि या काळात पोराला जेवू घालणारी शेती शाबूत असली पाहिजे. तीन वर्षांनी हातात कागदही नसतो. पोरगे किती शिकले हे फक्त मिस्त्रीला माहीत आणि पोराला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शाळा सोडून बारा-तेरा वर्षांचे पोरगे गॅरेजला बसविणे ही आपल्याकडे सर्रास चालणारी गोष्ट होती. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे. पुतण्या आहे, भाचा आहे, शिकायला बसतो असे म्हणून मिस्त्री त्यातून सुटत नाही. दहावी होऊ द्या. त्याला दुसरेही कारण आहे.

ते कारण म्हणजे आयटीआय. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था बारामतीतही आहे आणि इंदापुरातही. मोटार मेकॅनिकचा व्यवसाय, ज्याला मेकॅनिक मोटार व्हेईकल म्हणतात, तो दोन वर्षांचा आहे आणि त्याला दहावी उत्तीर्ण लागते. दुचाकी-तीनचाकीचा एक वर्षाचा वेगळा व्यवसायही अभ्यासक्रमात आहे. कोणत्या संस्थेत कोणता व्यवसाय आणि किती जागा, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी संस्थेत जाऊन विचारावे. शेजारच्याने सांगितले म्हणून विकल्प भरू नयेत. प्रवेश ऑनलाइन आणि गुणवत्तेवर असतात, त्यामुळे तारीख चुकली की वर्ष गेले. आयटीआयमध्ये हात बसत नाही, तिथे नुसती थिअरी, अशी तक्रार गॅरेजवाले करतात. ती अगदीच खोटी नाही. पण वायरिंगचा नकाशा वाचणे, मल्टिमीटर लावणे, मायक्रोमीटरने माप घेणे या गोष्टी झाडाखाली कोणी शिकवीत नाही.

आयटीआयनंतरची शिकाऊ उमेदवारी तर अजिबात सोडू नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली उमेदवाराला विद्यावेतन द्यावेच लागते. २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला ते महिना किमान ७,००० रुपये ठरविले होते. तिथे पोरगे शिकते, पैसेही घेते आणि शेवटी प्रमाणपत्रही मिळते. बिनपगारी तीन वर्षांशी याची तुलना तुम्हीच करा.

यानंतर पोराला दोन वाटा असतात. एक, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नोकरी. आपल्या भागात नवख्याला साधारण दहा-बारा हजार मिळतात, हात बसल्यावर चार-पाच वर्षांत पंधरा ते अठरा हजारांपर्यंत, वर गाड्यांच्या संख्येप्रमाणे थोडा इन्सेन्टिव्ह. म्हणजे नवखा मेकॅनिकसुद्धा दोन एकर उसाच्या पुढे आहे. हे ऐकून काही वडिलांना राग येतो, पण आकडे तसे आहेत. शिवाय कंपनी नव्या गाड्यांचे ट्रेनिंग फुकट देते. तोटा एवढाच की रोज जाऊन-येऊन पेट्रोल जळते आणि दुपारी घरी भाकरी मिळत नाही.

बारामतीच्या एमआयडीसीबद्दलही लोक विचारतात. पियाजिओचा तीनचाकीचा कारखाना तिथे आहे आणि एप्रिल २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही तिथे होऊ लागली. पण गाडी बनविणे आणि गाडी दुरुस्त करणे हे वेगळे धंदे आहेत. लाईनवर उभे राहून एकच नट दिवसभर आवळणारा मुलगा दहा वर्षांनीही मिस्त्री होत नाही. कारखान्यात कायम झाला तर उत्तमच, परंतु ठेक्यावरची नोकरी आणि गॅरेजचा हुन्नर यांची गल्लत करू नये.

दुसरी वाट म्हणजे स्वतःचे गॅरेज. सगळ्यांची नजर असते ती इथे, म्हणून याचा हिशेब जरा सावकाश करू. बाजाराच्या गावी, रस्त्यावर, बरा हात असलेल्या मिस्त्रीचे गॅरेज डोळ्यांपुढे आणा. आकडे मी उदाहरणादाखल धरतो, तुमच्या गावचे घालून पाहा. दिवसाला दोन सर्व्हिसिंग, मजुरी २५० प्रमाणे ५००. केबल, ब्रेक शू, पंक्चर, बल्ब अशी चार-पाच किरकोळ कामे, त्यांचे ३००. दिवसभरात २,००० रुपयांचे सामान आणि ऑईल गाड्यांत पडले, त्यावर साडेबारा टक्के सुटले तर २५०. दिवसाची कमाई १,०५० रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर २६,२५० रुपये.

त्यातून गाळ्याचे भाडे २,५००, वीज ८००, हाताखालच्या पोराला ६,०००, आणि चिंध्या, ग्रीस, धुण्याचे पेट्रोल वगैरे ७०० वजा करा. खर्च झाला १०,०००. उरले १६,२५० रुपये. गावात राहून, स्वतःचा मालक होऊन, सकाळी धार काढून मग दुकान उघडून. साडेतीन एकर उसाच्या पुढे. इथपर्यंत सगळे गोड आहे.

आता वही उघडा. वर धरलेली कमाई २६,२५० ची असली तरी गिऱ्हाईकाला केलेले बिल तेवढेच नसते. मजुरी ८०० आणि सामान २,०००, म्हणजे रोजचे बिल २,८०० आणि महिन्याचे ७०,००० रुपये होते. उधारी राहते ती या सत्तर हजारांवर. सामान मिस्त्रीने दुकानदाराकडून रोखीने किंवा आठ दिवसांच्या बोलीवर आणलेले असते. समजा या बिलातले फक्त दहा टक्के बुडाले. दहात एक गिऱ्हाईक. गावात हे प्रमाण कोणाला जास्त वाटणार नाही. गेले ७,००० रुपये. आणि ते जातात कुठून? उरलेल्या १६,२५० मधूनच. हातात राहिले ९,२५०. पुन्हा आपण दोन एकर उसावर येऊन बसलो, फरक एवढाच की अंगाला ऑईल लागले.

मी पाहिलेली जी गॅरेजे बंद पडली, त्यांतली बहुतेक या वहीने बंद पडली. हात वाईट म्हणून नाही. भावकीतला माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, मतदानाला उभा राहिलेला, पाव्हणा, सगळ्यांना नाही कसे म्हणायचे? आणि कारखान्याचे बिल आले की देतो, हे वाक्य तर आपण सगळेच बोलतो. उसाचे बिल वर्षातून एकदा-दोनदा येते आणि आले की आधी सोसायटी कापते. मिस्त्रीचा नंबर लागेपर्यंत पाडवा येतो.

यावर एक उपाय काही हुशार मिस्त्री करतात आणि तो या भागाला अगदी फिट बसतो. सामान रोख, मजुरी उधार. गिऱ्हाईकाने सामानाचे पैसे आधी द्यायचे किंवा स्वतः दुकानातून आणून द्यायचे, मजुरीचे नंतर बघू. मग बुडले तरी स्वतःचा घामच बुडतो, दुकानदाराचे देणे अंगावर येत नाही. आणि मजुरीची उधारीसुद्धा उसाच्या बिलावर न टाकता दुधाच्या बिलावर टाकायची. डेअरीचे पैसे दहा-दहा दिवसांनी होतात. ज्याच्या घरी दूध आहे त्याची उधारी एका दूधबिलाच्या पुढे जाऊ द्यायची नाही. ज्याच्या घरी दूध नाही आणि पगारही नाही, त्याला पहिल्या दिवसापासून रोख. बोलायला कठीण वाटते, पण गिऱ्हाईक आठ दिवस रुसते आणि परत येते, कारण त्याला डेअरीला जायचेच असते.

स्प्लेंडरची गोष्ट मघाशी अर्धी ठेवली होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्याच नव्या गाड्या विकल्या जातात आणि त्यांतून कार्बोरेटर गेला. त्या जागी इंजेक्टर आला, टाकीत पेट्रोलचा पंप आला, सेन्सर आले आणि या सगळ्यांना हुकूम देणारा एक छोटा कॉम्प्युटर. जेटमध्ये तार घालून, फुंकर मारून गाडी चालू करायची कला इथे चालत नाही. मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकतो, त्याचा अर्थ लावावा लागतो किंवा स्कॅनर जोडावा लागतो. माझ्या कामाच्या रस्त्यावर एका गॅरेजात नव्या गाडीचा सेन्सर काढून टाकून तारा जोडलेल्या पाहिल्या. गाडी चालू झाली, पण पेट्रोल दीडपट पिऊ लागली. मिस्त्री जुना आणि प्रामाणिक, त्याला तेवढेच माहीत होते. अशा माणसाकडे आज पोरगे शिकायला टाकले तर ते दहा वर्षांपूर्वीचा धंदा शिकेल. पोराला कुठे टाकायचे हे ठरविताना मिस्त्रीच्या भिंतीवर स्कॅनर आणि मल्टिमीटर टांगलेला आहे का, एवढे बघून या.

पेट्रोलही बदलले. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सगळीकडे आले. हे इथेनॉल आपल्याच उसातून जाते, म्हणून त्याला नावे ठेवणे आपल्याला शोभत नाही. पण इथेनॉल पाणी ओढते. अंगणात पावसात उभी राहणारी, टाकीचे झाकण सैल असलेली गाडी आपल्याकडे घरोघर आहे. टाकीत पाणी उतरले की ते इथेनॉलसकट तळाला बसते आणि गाडी सकाळी उठत नाही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसरही या पेट्रोलासाठी बनविलेले नव्हते. मिस्त्रीला हे काम वाढीव मिळणार आहे, फक्त त्याने दोष ओळखला पाहिजे. नाहीतर प्लग बदल, बॅटरी बदल असे करीत गिऱ्हाईकाचे पैसे आणि स्वतःचे नाव दोन्ही घालवील.

विजेच्या गाड्या आल्या की धंदा संपला, असेही बोलले जाते. ऑईल, टॅपेट, क्लच ही कामे त्यांत नाहीत हे खरे. टायर, ब्रेक, शॉकअप, बेअरिंग आणि वायरिंग राहते. आज विशीत असलेल्या पोराने वायरिंगकडे पाठ फिरविली तर चाळिशीत त्याला अडचण येईल. पण दोन कॅन घेऊन डेअरीला जाणाऱ्या पेट्रोल गाड्या काही एका रात्रीत भंगारात जात नाहीत.

भांडवलाचे थोडक्यात. पाने, टी-पाने, पुलर, मल्टिमीटर, स्टँड, कॉम्प्रेसर आणि साधा स्कॅनर मिळून साठ ते ऐंशी हजार, आणि सुरुवातीचे सामान चाळीस-पन्नास हजारांचे. म्हणजे सव्वा लाखाच्या आसपास. यासाठी जमीन गहाण टाकू नका आणि गाय तर मुळीच विकू नका, कारण पहिले वर्षभर घर तिच्यावर चालणार आहे. मुद्रा योजनेत किशोर गटात ५०,००० च्या वर ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात २५ टक्के, आणि महिला, मागासवर्गीय वगैरे विशेष प्रवर्गाला ३५ टक्के अनुदान आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्रामार्फत होतो. पीएम विश्वकर्मा योजनेत मात्र मोटारसायकल मेकॅनिक बसत नाही. त्या १८ व्यवसायांत तो नाही, तेव्हा कोणी फॉर्म भरून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिलाही एजंट लागत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींनाही दोन शब्द. गॅरेजला जागा लागते आणि ती रस्त्यालाच लागते. मग पोरगे कालव्याच्या नाहीतर बांधकाम खात्याच्या हद्दीत टपरी टाकते, आणि अतिक्रमण निघाले की दोन वर्षांत जमविलेले गिऱ्हाईक एका दिवसात विस्कटते. पाटस-बारामती-इंदापूर पालखी मार्गाचे काम ज्यांच्या दारावरून गेले त्यांना रस्त्याची हद्द म्हणजे काय ते सांगायला नको. ग्रामपंचायतीचे व्यापारी गाळे लिलावाने देताना अनामत इतकी चढते की ते पुन्हा पैसेवाल्यांकडेच जातात आणि ते पोटभाड्याने देतात. एखादा गाळा आयटीआय झालेल्या गावच्याच मुलाला परवडेल अशा अटींवर कसा देता येईल, हा विषय मासिक सभेत घ्यावा आणि पोटभाडेकरू आढळला तर करार रद्द ही अट आहे तेवढी पाळावी.

आणि जळके ऑईल. दिवसाला तीन-चार गाड्यांचे ऑईल बदलणाऱ्या गॅरेजातून महिन्याला साठ-सत्तर लिटर सहज निघते. ते मागच्या ओढ्यात ओतले की विहिरीत आणि तिथून ठिबकच्या नळीत येते. मी हे डाळिंबाच्या बागेत पाहिले आहे. जळके ऑईल घातक कचऱ्याच्या नियमांत येते. गाळ्याच्या करारनाम्यात पिंप ठेवून ते परवानाधारक खरेदीदारालाच देण्याची अट घाला. खरेदीदार त्याचे पैसे देतो, आणि त्यात गॅरेजवाल्याची महिन्याची वीज सहज भागते.